पुन्हा सरकारचे जावई नको

मला भीती वाटली की मी आधी चिडते. हा माझा जुना स्वभाव. त्या हिवाळ्यात अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिडलेली असायची, त्यावरून किती घाबरले असेन ते बघा.

नवऱ्याची नोकरी गेली होती. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत तो ड्राफ्टिंग करायचा. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. डेट्रॉइटच्या आसपास तेव्हा रोज कुणाचा ना कुणाचा लेऑफ व्हायचा. बेकारीचा भत्ता काही महिने आला, मग तोही संपला. पण माझं धाबं दणाणलं ते इन्शुरन्स गेला म्हणून. आमची मुलगी सात वर्षांची होती आणि तिला दमा होता. थंडी वाढली की तिची छाती वाजायला लागायची. कधी औषधाने थांबायची, कधी इमर्जन्सीत न्यावं लागायचं. आदल्या हिवाळ्यात दोनदा नेलं होतं. तेव्हा मला फक्त तिच्या जिवाची भीती वाटली होती. आता बिलाचीही वाटणार होती, आणि एका वेळी दोन गोष्टींना भिणारी आई काही कामाची नसते.

शेवटी मीच सरकारी मदत देणाऱ्या वेलफेअर ऑफिसात गेले. नवरा गाडीत पेपर उघडून बसून राहिला. मी परत येईपर्यंत त्याने पान उलटलं नव्हतं. आत आमची केस बघणारी बाई पन्नाशीची होती, काळी, खणखणीत आवाजाची. तिने सगळं सरळ सांगितलं. घरात कमाई नाही, तेव्हा थोडे पैसे मिळतील, किराण्यासाठी फूड स्टॅम्प मिळतील आणि मेडिकल कार्ड मिळेल. कार्ड असलं की मुलीचं हॉस्पिटल, औषधं, सगळं सरकार भरणार. मी तिला म्हटलं, मला एका लाँड्रीत काम मिळतंय, हॉटेलांच्या चादरी-टॉवेलांचं, मिनिमम वेजवर. इन्शुरन्स देतात का, तिने विचारलं. नाही देत, म्हटलं. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "त्या पगारात तुमचं भागणार नाही, पण तेवढ्या पगाराने कार्ड मात्र जाईल. नीट विचार करा."

मी फॉर्म तिच्या टेबलावर तसाच ठेवून उठले. का उठले, ते सांगायचं तर नागपूरला जावं लागेल.

आम्ही बौद्ध. माझे वडील पोस्टात शिपाई होते आणि मी कॉलेज शिकले ते स्कॉलरशिपवर. दर टर्मला आमच्या नावांची यादी बोर्डावर लागायची आणि ऑफिसच्या खिडकीशी आमची वेगळी रांग. येता-जाता पोरंपोरी म्हणायची, बघा, सरकारचे जावई आले. हळू नाही, आम्हाला ऐकू जाईल असं. एरवी मी कुणाचं ऐकून घेणारी नव्हते, पण त्या रांगेत मी मान खाली घालून पुढे सरकायची. वडील म्हणायचे, हे आपल्या हक्काचं आहे, ताठ उभी राहा. मला कधी ताठ उभं राहता आलं नाही. पदवी हातात पडली त्या दिवशी कानाला खडा लावला, की पुन्हा कुठल्याही सरकारी खिडकीसमोर उभं राहायचं नाही.

ट्रॉयमध्ये आमची जात कुणाला माहीत नव्हती, आडनावावरून कळत नव्हती. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती होती, पण ती तर लोक शोभेलाही ठेवतात. ज्यांच्यामुळे शिकलो त्यांचा फोटो बेडरूममध्ये, दाराआड. तिथल्या मराठी मंडळाच्या पॉटलकला, घरटी एक पदार्थ आणायच्या जेवणाला, मी कोशिंबीर घेऊन जायची, हसायची, आणि कुणी गावाचं, घराण्याचं काढलं की पाणी आणायला उठायची.

नवऱ्याने तरी एकदा चाचपून पाहिलं. मंडळातल्या एका काकांकडे त्याने विषय काढला, एका मित्राची अडचण आहे म्हणून. काका माणूस भला, बर्फात गाडी बंद पडली तर धावत येणारा. ते म्हणाले, वेलफेअर घेतलं की नाव कॉम्प्युटरवर चढतं, सिटिझनशिपच्या वेळी फाइल उघडतात, ग्रीन कार्डसुद्धा काढून घेतात. आणि वर म्हणाले, "आपल्यातलं कुणी घेत नाही हो असलं." नवऱ्याने घरी येऊन मला ते जसंच्या तसं सांगितलं. मी पोळ्या लाटत होते. लाटणं ओट्यावर आपटलं, चार शब्द काकांना ऐकवले, चार नवऱ्याला. पण त्यानंतर मेडिकल कार्डाचं नाव काढलं नाही. खरं तर ऑफिसातल्या त्या बाईला एक फोन केला असता, तर आमच्या बाबतीत असलं काही होणार नाही हे तिथल्या तिथे कळलं असतं. ते पुढे कळलंच. पण आपली माणसं सरकारचं सरकारला विचारत नाहीत, काकांना विचारतात. आणि काकांनी एकदा सांगितलं, की मग विषय संपला.

सोमवारी मी लाँड्रीत रुजू झाले. नवरा टेक्सासला गेला, शुगर लँडला एका मित्राच्या घरी राहून नोकरी शोधायला. मुलगी स्कूल बसने घरी यायच्या आत माझी पाळी संपायची. अंगाला ब्लीचचा वास यायचा आणि त्या वासाने तिला खोकला होईल म्हणून मी कपडे खाली, बिल्डिंगच्या वॉशिंग मशीनच्या खोलीतच बदलायची. तिला पळू द्यायची नाही, बर्फात जाऊ द्यायची नाही. कार्टून बघून ती फार हसायला लागली तर टीव्ही बंद करायची. हसण्याने धाप लागते ना! रात्रंदिवस माझा एक कान तिच्या छातीकडे असायचा.

रविवारी नवऱ्याचा फोन यायचा. मुलगी तिथेच सोफ्यावर चित्रं काढत बसलेली असायची आणि मी खुशाल बोलायची. मला फार भीती वाटते, म्हणायची. आपल्याकडे ते मेडिकल कार्ड नाही. हिला हॉस्पिटलात न्यावं लागलं तर आपण संपलो, रस्त्यावर येऊ. असं अगदी याच शब्दांत. ती आमच्याशी इंग्रजीतच बोलायची, मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत. म्हणून आम्ही धरून चाललो होतो, की मोठ्यांचं मराठी तिला कळत नाही. मंडळातल्या साऱ्या आयांचा तसाच समज होता. पोरांसमोर सासवांपासून कर्जापर्यंत सगळं मराठीत बोलायच्या, बिनधास्त.

जानेवारी गेला. छाती एकदाही वाजली नाही. मला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं. बघा, कुणापुढे न जाता निभावलं की नाही! मुलगी जरा शांत झाली होती, पण मला वाटलं, शहाणी झाली.

फेब्रुवारीत एका दुपारी लाँड्रीत शाळेच्या नर्सचा फोन आला. रस्त्यावर बर्फ गोठलं होतं, गाडी कशी चालवली ते मला आठवत नाही. नर्सच्या खोलीत मुलगी कॉटवर ताठ बसली होती. ओठ निळसर, खांदे वर चढलेले, आणि छातीचा आवाज नाही. ओठ निळे आणि छाती गप्प, हे छाती वाजण्यापेक्षा वाईट. नर्स म्हणाली, तीन आठवडे ही मधल्या सुट्टीत खेळायला जात नाहीये, लायब्ररीत बसून असते. आणि आज मला म्हणत होती, माझ्या आईला फोन करू नका. मग नर्सने विचारलं, अँब्युलन्स बोलावू?

मी गप्प राहिले. फार नाही, दोन-तीन सेकंद. अँब्युलन्सला किती लागतात, हे माझ्या मनात आलं. मुलीचे ओठ निळे पडलेले समोर दिसत होते आणि माझ्या मनात ते आलं. हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. मग म्हटलं, बोलवा.

इमर्जन्सीत त्यांनी तिला इंजेक्शन दिलं, वाफेचा मास्क लावला. तरुण डॉक्टर होता. तो म्हणाला, हे आजचं नाही, हे बरेच दिवस चाललंय, तुमच्या लक्षात कसं आलं नाही? तेव्हा मुलगीच मास्कच्या आतून त्याला इंग्रजीत म्हणाली, की मी छोटे छोटे श्वास घेते. मोठा घेतला की आवाज होतो आणि आईला ऐकू जातं.

मी बाहेर काउंटरवर गेले. इन्शुरन्स, त्यांनी विचारलं. नाही, म्हटलं. त्यांनी एका बाईला बोलावलं आणि ती मेडिकल कार्डाचा फॉर्म घेऊन आली. नागपूरची ती खिडकी, काका, ग्रीन कार्ड, सगळं डोळ्यांसमोर आलं. भीती काडीची कमी झाली नव्हती. कार्डासाठी लाँड्रीचं काम सोडावं लागणार होतं, आमचं नाव कुठेतरी चढणार होतं. तशीच सही केली आणि आत आले.

मुलगी माझीच वाट बघत होती. डॉक्टर तिला सांगत होता, मोठा श्वास घे, आणखी मोठा, आणि ती घेत नव्हती. मला बघून तिने मास्क थोडा बाजूला केला.

"आई, कार्ड मिळालं?" तिने विचारलं. स्वच्छ मराठीत.

मिळालं, म्हटलं. तेव्हा कुठे माझ्या पोरीने छाती भरून श्वास घेतला, आणि ती खोकत सुटली.