पाणाड्याचा नकार

आळेफाट्याच्या बाजूला कुणाला बोअर घ्यायची असली की तो त्या म्हाताऱ्या पाणाड्याला बोलावतो. तळहातावर नारळ आडवा धरून तो अनवाणी शेतभर फिरतो. नारळ उभा राहिला की खाली पाणी. फिरताना तो कुणाशी बोलत नाही, फक्त आजूबाजूच्या बोअरी पुटपुटत मोजतो.

त्या नारळावर माझा विश्वास आहे की नाही, हे मला अजूनही सांगता येत नाही. तरी वाटण्या झाल्यावर मीही त्यालाच बोलावलं. बांधाजवळ नारळ ताडकन उभा राहिला. त्यानं तो उचलून पिशवीत टाकला.

"न्हाई भाऊ, हितं नको."

"अहो, उभा राहिला की!"

"राहिला. तुमच्या आज्याची एक हीर व्हती. बाप-चुलत्याच्या दोन बोअरी झाल्या. तुमी चौघं, म्हणून आता चार. उद्या पोरांच्या आठ. खालचं पाणी बी पोरं घालतं का?"

चहासुद्धा न घेता तो गेला. मी चिडून मशीन बोलावलं. पाणी लागलं. पण पंधरवड्यात धाकट्या भावाची शेजारची बोअर कोरडी पडली.

पुढं तो एसटी स्टँडवर दिसला. चुकलं कोण, तो की मी, हे न कळल्यामुळे मी जरा मोठ्यानंच म्हणालो, "बाबा, पाणी लागलं बरं का!"

"कुणाचं?" त्यानं शांतपणे विचारलं.

हल्ली मी धाकट्याच्या कांद्याला माझं पाणी सोडतो. ते देतोय की परत करतोय, काही समजत नाही.