मशेरीचं तोंड
नव्वदच्या दशकात आमच्या वारूळवाडीत बायकांची सकाळ मशेरीनं सुरू व्हायची. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरून डबीत भरायची नि बोटानं हिरड्यांना चोळत ओट्यावर बसायचं. आईच्या हातची मशेरी तर शेजारणी मागून न्यायच्या. मी चिडून म्हणायचे, "आई, तोंडाची वाट लागंल." ती पिंक टाकून म्हणायची, "दात बघ माझं. हाय का एक तरी किडका? मोठी आली शिकवणारी!"

पुढे मी पुण्याला एका प्रयोगशाळेत कामाला लागले. तोंडाच्या कॅन्सरचे तुकडे यायचे. त्यांतली कोणती जनुकं चालू आहेत, कोणती गप्प झालीत, ते आम्ही तपासायचो. पेशीला 'वाढ' सांगणारी जनुकं जोरात चाललेली असायची आणि 'थांब' म्हणणारी मुकी. दिवसभर तेच बघून दुपारी निवांत डबाही खायचे. माणसाला सवय होते.

एका दिवाळीला घरी गेले, तर आई डाव्या बाजूनं चावतच नव्हती. म्हणाली, "तिखट झोंबतंय जरा, बाकी काय न्हाई." बॅटरी लावून पाहिलं. गालाच्या आत पांढरा चट्टा, कडेनं लालभडक. आणि या बाईनं त्यावर काय इलाज करावा? दुखलं की तिथंच मशेरी दाबून धरायची! का, तर बधिर होतं, बरं वाटतं. शेजारणींनीही तेच सुचवलेलं. कर्म माझं! मी डबी उचलून उकिरड्यावर भिरकावली.

जुन्नरच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितला. ओट्यावरच्या बायकांनी लगेच आईला घेरलं. "नको गं बाई, सुरी लागली की लई पसरतंय." आई हटूनच बसली. मी ओरडले, रडले, हातापाया पडले, तेव्हा कुठं ती एसटीत चढली.

तुकड्यात कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, गाल आतून काढावा लागला. आई बोबडं बोलायला लागली, पण वाचली. मशेरी कायमची सुटली. भावानं ओझरच्या गणपतीला अभिषेक केला, गावभर पेढे वाटले.

मी माझा पेढा तसाच ठेवून दिला. प्रयोगशाळेत गाठीच्या जोडीला शेजारचा चांगला दिसणारा तुकडाही आम्ही तपासायचो. डोळ्यांना अगदी निरोगी, गुलाबी. पण त्यातलीही जनुकं कितीदा तरी बिघडायला लागलेली असत. मशेरी काय एका चट्ट्यापुरती चोळली होती? सगळं तोंडच तिनं माखलेलं. दुसऱ्या जागीही पुन्हा उगवू शकतं, असं भावाला सांगितलं तर तो भडकला, "आनंदाच्या वक्ताला अभद्र बोलू नगंस."

त्यानंतर मी घरी गेले की आई आपणहून अंगणात उन्हात बसायची, तोंड उघडायची. मी बोट फिरवून बघायचे. "काही नाही," म्हटलं की लहान पोरीसारखी हसायची. तेवढ्यानं मलाही धीर यायचा, खोटं कशाला बोलू.

एका उन्हाळ्यात मात्र ती बाहेर आलीच नाही. चुलीपाशी भाकरी थापत बसली होती. मी जवळ बसले, म्हटलं, "आई, आ कर."

तिनं ओठ घट्ट मिटले. ताट माझ्यापुढं सरकवलं नि माझ्याकडं न बघता म्हणाली, "आधी तू जेवून घे, बये. मग बघ."