वरची दोरी

राग माझ्या नाकावर असतो हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या वर्षी मात्र तो जवळजवळ रोज चुकीच्या माणसावर निघाला. ते माणूस म्हणजे माझी लेक, वय पंधरा, फास्ट बोलर.

आमच्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरला छोटी बाल्कनी आहे आणि तिथे कपडे वाळत घालायला दोन दोऱ्या. खालची माझ्या खांद्याच्या उंचीची, वरची पार छताजवळ. घरात सगळ्यांत उंच लेक, म्हणून वरची दोरी तिची. त्या उन्हाळ्यात ती आपले कपडे खुर्चीच्या पाठीवर नाहीतर कठड्यावर टाकून मोकळी व्हायला लागली. मी डबे भरता भरता ओरडायचे, "हात वर करायला काय होतं गं तुला? विकेट काढताना बरे वर जातात!"

"सॉरी आई, घाई आहे यार," म्हणत ती निघून जायची. मुलगी आळशी झाली, असा निकाल मी देऊन टाकला.

पाठ दुखते असं ती म्हणाली नव्हती असं नाही. तीनदा म्हणाली होती. मी तेल चोळलं, गरम पाण्याची पिशवी दिली, एकदा तर गादीच बदलली. खेळणाऱ्या पोरीचं अंग दुखायचंच, असं मी आणि तिच्या बाबांनी आपापसांत ठरवलं. ज्युनियर संघाची निवड चाचणी जवळ आली होती आणि खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा मलाच ती निवड जास्त हवी होती.

एका सकाळी सरावात ती पळत आली, क्रीजपाशी पोहोचली आणि चेंडू न टाकताच कंबर धरून उभी राहिली. मी मैदानाच्या कडेला होते. तिचा चेहरा पाहिला आणि मी तशीच मैदानात घुसले.

डॉक्टरबाईंनी तिला एका पायावर उभं करून मागे वाकायला सांगितलं. गुडघ्यावर चेंडू आदळला तरी न रडणारी माझी लेक तेव्हा किंचाळली. मग एमआरआय झाला. कमरेच्या मणक्याला बारीकसा तडा गेला होता. हात उंचावून मागे झुकलं की नेमकं तिथेच दुखायचं. म्हणजे चेंडू टाकताना. आणि वरच्या दोरीवर कपडे टाकताना.

"भर जाएगा," डॉक्टरबाई म्हणाल्या, "लेकिन मेरी बात मानी तो। नहीं मानी, तो बोलिंग भूल जाइए।" मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "हफ्ते में कितनी गेंदें डालती है?"

मी लेकीकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. खरा आकडा आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हता.

कारण माझ्या लेकीला तीन सर होते. पहाटे अकॅडमीचे, दुपारी शाळेचे, आणि रविवारी कॉलनीच्या मैदानावर मुलांची टीम चालवणारे एक रिटायर्ड अंकल. प्रत्येकाची अट एकच, माझ्याकडे शिकायचं तर दुसरीकडे जायचं नाही. आणि तिला बजावून ठेवलं होतं मी, "सरांना काही बोलू नकोस, उगाच वाईट वाटेल त्यांना." म्हणून प्रत्येक सर तिला ताजीतवानी समजून पूर्ण स्पेल टाकायला लावत, आणि ती टाकत असे. पंधरा वर्षं केंद्र सरकारच्या मंत्रालयात फायली हलवल्या मी. तीन टेबलांवर फिरणाऱ्या फाईलची पूर्ण नोंद एकाही टेबलावर नसली की काय होतं, ते मला कळायला हवं होतं. त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली. घरी पोहोचल्यावर दारात चपला काढताना तिला म्हटलं, "चुकलं माझं." ती म्हणाली, "बिल्कुल चुकलं," आणि माझ्या गळ्यात पडून रडली.

पुढच्या रविवारी मी तिन्ही सरांना एकाच वेळी पोह्यांना बोलावलं. एकाला दुसऱ्याचं न सांगता. दारात एकमेकांना पाहून तिघांची जी तोंडं झाली ती आठवून मला अजून हसू येतं. एका सोफ्यावर तिघे, मांडीवर बश्या. मी एमआरआयची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि माझ्या मराठी वळणाच्या हिंदीत सुनावलं, "ये आप तीनों ने और मैंने मिलकर किया है। अब ठीक भी मिलकर करेंगे।"

मग अंकल हळूच म्हणाले, "मॅडम, हमने तो बस आठ ओव्हर डलवाए थे।" शाळेचे सर खाली बघत म्हणाले, "आठ मैंने भी।" अकॅडमीच्या सरांनी बशी खाली ठेवली. तिघांत सगळ्यांत कडक माणूस तोच होता, आणि त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं.

पुढचे काही महिने चेंडूला हात नाही. जमिनीवर पडून पोटाचे, कमरेचे कंटाळवाणे व्यायाम. निवड चाचणी आली आणि गेली. लेकीचा स्वभाव माझ्यावर गेलेला, त्यामुळे घरात रोज दोन ज्वालामुखी. पण एकही दिवस तिने व्यायाम चुकवला नाही. मग दिवसाआड बारा चेंडू, मग अठरा, मग चोवीस. चार जणांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला. त्यात गुड मॉर्निंग नाही की फुलं नाहीत, फक्त आकडे. जिथे टाकले तिथल्या सरांनी आकडा लिहायचा, बाकीच्यांनी तो पाहूनच पुढचं ठरवायचं.

वर्षाने पुन्हा निवडीचा सामना आला. पानिपतला. नवरा म्हणाला, "दुसरं गाव नाही मिळालं यांना?" मी त्याला गप्प केलं, पण गाडीत मनातून मीही घाबरलेच होते.

डॉक्टरबाईंनी सहा ओव्हरची मर्यादा घातली होती. सहा ओव्हरमध्ये तिने तीन जणींना तंबूत पाठवलं. सामना अटीतटीला आला, समोरच्या टीमला आठ रन हव्या होत्या आणि आमच्या कॅप्टनने चेंडू माझ्या लेकीकडे फेकला. निवड करणारे काका खुर्चीत पुढे सरकले. माझ्या तोंडात "टाक गं!" आलं होतं. मी ओढणी दातांत धरली.

लेकीने सहा बोटं दाखवली, मान हलवली आणि चेंडू परत दिला. मग सीमारेषेकडे चालू लागली.

दुसऱ्या मुलीने टाकलेल्या तिसऱ्या चेंडूवर उंच फटका आला, थेट लेकीच्या डोक्यावरून. ती उलट पावली धावली, दोन्ही हात वर, पाठ धनुष्यासारखी मागे वाकलेली, आणि चेंडू हातात घेऊन उताणी पडली. मी सीमारेषेकडे धावले. ती उठली. स्वतःची स्वतः, चेंडू उंच धरून, माझ्याकडे बघून हसत. शेवटची विकेट होती ती. सामना आम्ही जिंकलो होतो. कडेला तिन्ही सर एकमेकांच्या गळ्यात पडले होते आणि मी मोठमोठ्याने रडत होते, कुणाचीही लाज न बाळगता.

निवड झाल्याचा फोन आठवड्याने आला. पण मला त्याआधीच सगळं मिळालं होतं. पानिपतहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन मी बाल्कनीत गेले, तर तिची मातीने माखलेली पांढरी जर्सी धुऊन, झटकून, चिमटे लावून वाळत घातलेली होती. वरच्या दोरीवर.