चौथ्या भागाची ओळ

आश्विन महिन्यात, मंगळवारी, दादा वारला. संध्याकाळी वाचनालयाची किल्ली माझ्याकडे आली.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. जव्हारच्या वाचनालयाचे काम तो पाहत असे. मी मुलींच्या शाळेत शिकवून दुपारी त्याच्या मदतीला जाई. पुस्तके नाशिकहून मोखाड्यामार्गे बैलगाडीने येत, तीही पावसाळा सोडून. त्यामुळे एखाद्या कादंबरीचा पाचवा भाग पहिल्याच्या आधी पोचे, आणि जुन्या यादीत पुस्तके आली त्याच क्रमाने लिहिलेली असत. कोणी दुसरा भाग मागितला की दादाचे बोट सगळी यादी चालून येई. शेवटी कंटाळून त्याने नवी वही घातली. एका मालेला एक पान. वर मालेचे नाव, खाली तिचे भाग ओळीने.

एका पानावर काम अडले. पाच भागांच्या एका कादंबरीचा चौथा भाग सापडेना. जुन्या यादीत नोंद होती, पुस्तक नव्हते. दादाने चौथी ओळ कोरी सोडली आणि जंगलखात्याच्या एका कारकुनावर संशय धरला. तो बिचारा पुढे वाचनालयासमोरून जाताना छत्री आडवी धरी.

खरे तर दादाला ओळीपेक्षा दुसरेच सलत होते. तिसरा भाग संपतो तेव्हा नायक विहिरीत लोंबकळत असतो. पाचव्याच्या पहिल्या पानावर त्याच्या मुलीचे लग्न.

"वर आला कसा?" दादा विचारी.

"दोर सापडला असेल."

"कोणी टाकला?"

"दादा, मुलीचं लग्न झालं ना? म्हणजे आला वर."

"शाळेत गणितं अशीच सोडवतेस का गं? आधी उत्तर पाहून?"

भाद्रपदात त्याला ताप भरला तो उतरलाच नाही. अंथरुणातही त्याचे हेच. मी एकदा नायकाला झाडाच्या मुळ्या धरायला लावून वर आणला, एकदा गुराख्याकडून ओढून घेतला. दादा डोळे मिटून ऐके आणि म्हणे, "बरं आहे. पण हे तुझं झालं. पुस्तकात काय आहे ते शोध."

मी शोधले. सापडले नाही.

कार्तिकात जामसरचा एक शेतकरी पुस्तक परत करायला आला. भातशेतीवरचे ते पुस्तक त्याने पेरणीआधी नेले होते. दादा गेल्याचे मी सांगितले. तो ओट्यावर बसला. मग म्हणाला, "बाई, भाताचं समदं बराबर हाय. पन मागं तो मानूस हिरीतून वर येतो, त्याचं भातात काय काम?"

मी पुस्तक उघडले. पातळ पुस्तके एकेकटी टिकत नसत, म्हणून दादा उंची जुळवून दोन-दोन एकत्र बांधून घेई. उंची तोच पट्टीने मोजी. पाठीवर नाव मात्र पहिल्याचेच पडे. चौथा भाग दोन वर्षे दादाच्या खुर्चीमागच्या कपाटात, भाताला चिकटून उभा होता.

मी तिथेच वाचले. विहिरीला पायऱ्या होत्या. अंधारात नायकाला दिसल्या नव्हत्या. उजाडल्यावर तो चढून आला. दादा या पायऱ्यांवर आठवडाभर चिडला असता.

"ती दुसरी गोष्ट आहे," मी शेतकऱ्याला म्हटले. "पहिल्यापासून वाचायची का?"

"द्या मंग. हिरीत पडला कसा ते तरी कळंल."

कारकुनाची माफी मीच मागितली. तो म्हणाला, "म्हणजे आता छत्री सरळ धरली तर चालेल?"

बांधणी मी उसवली नाही. कोऱ्या ओळीत लिहिले: भातशेतीच्या पुस्तकामागे पाहावे.

त्या पानावर आता चार ओळी दादाच्या अक्षरात आहेत, एक माझ्या. पहिला भाग अजून जामसरला आहे.