राजाला हात लागला

जळगाव जामोदच्या एका मंगल कार्यालयात बुद्धिबळाची खुली स्पर्धा होती. भरल्या हॉलात बाई मी एकटीच. समोर तालुक्यात नाव असलेले निवृत्त मास्तर. घड्याळ सुरू व्हायच्या आधीच ते म्हणाले, "लवकर उरकू बरं का ताई. मले बारा वाजताची एसटी धरायची हाये."

माझं डोकंच तापलं. ठरवलं, आज या माणसाची एसटी चुकवायची आणि डावही जिंकायचा.

आणि सातव्याच चालीला मी माती खाल्ली. मला खेळ शिकवला वडिलांनी, गावच्या पद्धतीनं. त्यात राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता येते. स्पर्धेत ती चालत नाही हे मला पाठ होतं, पण हाताला तीस वर्षांची सवय. राजा उचलला आणि उडवला. पंच धावत आले. उडी रद्द, पण हात राजाला लागला, म्हणून चाल राजाचीच करायची. मुकाट्यानं एक घर सरकवला. आता राजाला हत्तीच्या आड नेऊन लपवायचा किल्लेकोटही गेला. राजा पटाच्या मधोमध उघडा पडला.

मास्तर हसले. "गावाकडचं खेळणं दिसते. सोडून द्या ना ताई."

"नाही सोडत."

लाज वाटत होती, रागही येत होता, पण घाई केली नाही. वजिराला वजीर दिला. मग घोडे, उंट, हत्ती एकेक करून मारामारीत संपवले. पटावर राजे आणि प्यादीच उरली, तेव्हा माझा उघडा राजा नेमका कामाच्या जागी होता आणि त्यांचा लांब कोपऱ्यात. माझा राजा घेऊन मी त्यांच्या प्याद्यांच्या मागे लागले. बारा कधीच वाजून गेले होते. माझं एक प्यादं शेवटच्या घरात जाऊन वजीर झालं आणि थोड्याच चालींत मात बसली.

पंच आले, आमच्याकडे एक नजर टाकली आणि काही न विचारता मास्तरांच्या नावापुढे एक गुण लिहू लागले. मास्तरांनी लिहू दिलं. मी कागदावर हात ठेवला.

"थांबा साहेब. तो गुण माहा हाये."

पंचांनी मास्तरांकडे पाहिलं.

"त्यायले काय विचारता?" मी म्हटलं. "पट पाहा."