पाकिटाचा कोपरा

एस.टी. सुटता सुटता वडिलांनी, आमच्या आबांनी, खिडकीतून हात घालून माझं मनगट धरलं. डोणगावच्या थांब्यावर निम्मं गाव जमलं होतं. मी पुण्याच्या कारखान्यातला साधा फिटर, पण पंपांचं काम शिकायला कारखाना मला वर्षभरासाठी टोकियोला पाठवत होता. माय तेवढी थांब्यावर आली नव्हती. दिवाळीपासून तिचा दमा बळावला होता. "मले काही होत नाही, जा तू," असं तिनं ओट्यावरूनच सांगितलं होतं, आणि मला जायचं होतं म्हणून मी ते खरं मानलं.

आबा खिडकीशी हळूच म्हणाले, "काही वाईट झालं त पाकिटाचा कोपरा फाडून धाडीन. आधी कुठंतरी बसून घेजो, मंगच उघडजो."

मरणाची बातमी आणणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असतो, हे तुम्हा गावाकडच्यांना सांगायला नको. पोस्टमनच्या हातात तसं कार्ड दिसलं की वाचण्याआधीच घरात रडं सुरू व्हायचं. आबांनी तीच रीत पाकिटाला लावली.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली असतील. डोणगावात आम्ही कंदिलाच्या काचा पुसत होतो आणि टोकियोत जिने आपले आपण वर चढत होते. दर रविवारी मी एकटाच भटकायचो. पाट्या वाचता येत नसत, नकाशा उलटा धरलाय की सुलटा तेही कळत नसे, पण मजा वाटायची. जे पाहीन ते मायसाठी आबांना लिहायचो.

अशाच एका रविवारी बाहेर पडताना वसतिगृहाच्या काउंटरवरच्या म्हाताऱ्या हयाशीसाननी मला दोन्ही हातांनी पाकीट दिलं. अक्षर आबांचं. वरचा कोपरा फाटलेला.

पाकीट कोटाच्या खिशात घातलं आणि बाहेर पडलो. बसायचं होतं ना, म्हणून शहराला गोल फेरा घालणाऱ्या गाडीत बसलो. गाडी फिरून जिथून निघालो तिथंच आली, तरी उघडवेना. मग बागेतल्या बाकावर बसलो, मग उंच मनोऱ्याच्या पायथ्याशी. सगळं शहर बसायच्या जागांनी भरलेलं, आणि मला एकही जागा पुरेना. तार करावी तर उत्तर यायला दिवस जाणार. परत जावं म्हटलं तर तिकीट कारखान्याचं. अग्नी तर केव्हाच दिला असणार. मी करणार काय होतो?

दुपारी एका मोठ्या दुकानाच्या गच्चीवर गेलो. तिथं बाग होती. शेजारी एक म्हातारी संत्रं सोलत बसली होती. का कोण जाणे, मी तिला आपल्याच बोलीत सांगितलं, "माही माय गेली वाटते." तिला काय कळलं असेल? तिनं अर्धं संत्रं दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरलं. मी ते खाल्लं आणि रडलो. एवढ्या मोठ्या शहरात सुतक धरायचं तरी कुणाजवळ?

संध्याकाळी परतलो तर काउंटरवर बशीत पाणी होतं, आणि पाण्यात पाकिटाचा कोपरा, त्यावर आपल्या देशाचं तिकीट. हयाशीसान नातीसाठी तिकिटं जमवत होते. मी तिथंच पायरीवर बसून पाकीट फोडलं. माय बरी होती. मी थंडीचे मोजे घालतो का, एवढंच तिनं विचारलं होतं. जीव भांड्यात पडला, आणि त्या भल्या माणसाचा असा राग आला की आजही लाज वाटते. दुसऱ्या दिवशी खुणा करकरून त्यांना समजावलं की माझ्या पाकिटाला हात लावू नका. ते पुन्हा पुन्हा कमरेत वाकले, आणि शब्द त्यांनी पाळला.

त्यानंतरची चार पत्रं अगदी धड आली. पाचव्यावर तिकीट जागच्या जागी होतं आणि खालचा कोपरा नव्हता. डोळ्यांना दिसत होतं, तरी मी पाकीट घेऊन काउंटरवर गेलो. कोपऱ्यावर बोट ठेवून विचारलं, तुम्ही फाडला का? या माणसानं हो म्हणावं, खोटं का होईना, असं मला वाटत होतं. हयाशीसाननी नाही म्हणून मान हलवली आणि आपले रिकामे तळवे माझ्यापुढं उघडे केले. मग काय समजले कोण जाणे, आतून स्वतःची खुर्ची आणून त्यांनी माझ्यामागं ठेवली.

मी बसलो. पत्र पोचेपर्यंत मायची तेरावी होऊन गेली होती.

आता मी पुण्यात मुरलोय, आबाही गेले. गावाकडून धाकट्या भावाचा फोन येतो. बहुतेक वेळा पाऊसपाणी, लग्नाची तारीख, असंच काही असतं. घर म्हणजे काय असं माझी मुलं विचारतात, तेव्हा मला डोणगावची भिंत आठवत नाही, ओटाही नाही. वाईट सांगण्याआधी तू बसून घे म्हणणारा माणूस आठवतो. फोनला कोपरा नसतो. म्हणून गावाकडचा नंबर दिसला की मी आधी खुर्ची ओढतो, बसतो, आणि मगच उचलतो.