डाव्या हाताचा ट्रक

कुपवाडच्या ज्या कारखान्याच्या फाटकावर रविराज रात्रपाळीला बसतो, त्याच कारखान्यातल्या प्रेस मशीननं सहा वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या हाताची चार बोटं नेली. तेव्हा तो अठ्ठावीसचा होता. मालकानं वॉचमनची नोकरी दिली आणि चारचौघांत तसं बोलूनही दाखवलं. अपघाताआधी दर रविवारी रविराज मोटरसायकलनं माण तालुक्यातल्या आपल्या गावी, आईकडे जायचा. ते सुटलं. ॲक्सिलरेटरची मूठ उजवीकडे असते, त्याला इलाज नव्हता. कामावर जाणं सोडलं तर तो उंबऱ्याबाहेर पडेनासा झाला.

सूरज त्याचा जुना जोडीदार. आधी त्याच प्रेसवर होता, आता सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्यानं एक जुना कॉम्प्युटर जुळवून दिला आणि ट्रक चालवायचा एक गेम रविराजच्या नावानं ऑनलाइन विकत घेतला. "ह्यात सगळी बटनं डाव्या हाताकडं घेता येत्यात," तो म्हणाला.

मग रोज दुपारी, बायको पल्लवी पॅकिंगच्या कामाला गेलेली असताना, रविराज ट्रक काढायचा. घाट, पूल, अनोळखी गावं. पहिल्या महिन्यात चार वेळा दरीत गेला. पुढं वळणावरसुद्धा डावा हात चुकेनासा झाला. पल्लवीला वाटलं, माणूस पुन्हा जेवायला लागला.

तीन वर्षांनी मेल आला. कंपनी गेम बंद करणार होती. महिनाभरानं तो ऑनलाइन दुकानातूनही जाणार आणि घेणाऱ्यांच्या खात्यातूनही.

"विकत घेतलाय की मी," रविराज म्हणाला.

"घेतलायस, पण ठेवलाय त्यांच्याकडंच," सूरज म्हणाला. "उतरवून घे. दोन कॉप्या कर, एक दुसऱ्या घरात ठेव."

हा गेम इंटरनेटशिवाय पुन्हा बसवता येत होता, एवढं नशीब. रविराजनं तो दोन हार्ड डिस्कवर घेतला. एक स्वतःजवळ ठेवली, दुसरी एसटीनं गावी नेऊन आई अंबूबाईच्या पत्र्याच्या पेटीत ठेवली. तिनं ती जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधली. काय आहे, हे तिनं विचारलं नाही.

यंदा चैत्रात कॉम्प्युटर जळाला. सूरजनं दुरुस्त केला, पण आतलं सगळं गेलं होतं. रविराज आपली डिस्क घेऊन दुकानात निघाला. पायऱ्या चढताना डावा हात कठड्याला होता आणि डिस्क उजव्या पंजात अंगठ्यानं दाबून धरलेली. ती सुटली. सूरजनं जोडून पाहिली, तर आतून नुसती टिकटिक.

दुसऱ्याच दिवशी रविराजनं गाव गाठलं आणि पेटीतली डिस्क आणली. सूरजनं गेम बसवायला घेतला. त्र्याहत्तर टक्क्यांवर थांबला. फाइल खराब. पुन्हा केलं, तिसऱ्यांदा केलं. आकडा तोच.

"कॉपी केल्यावर उघडून बघितली हुतीस का?"

"न्हाई. कॉपी झाली म्हणून दाखवलं कॉम्प्युटरनं. म्हणून काढली."

सूरजनं डिस्कची वायर काढली. "मी बी विचारलं न्हाई तुला," तो म्हणाला.

सूरजनं कंपनीला लिहून पाहिलं. आभार मानणारं उत्तर आलं, खाली नव्या गेमची जाहिरात. तो नवा गेमही घेतला. त्यात बटनं बदलता येत नव्हती. रविराजनं उजव्या हाताच्या थोटकानं दाबून पाहिलं. एका दाबात तीन-तीन बटनं दबत होती. दहा मिनिटांनी तो उठला.

त्या शनिवारी पल्लवी म्हणाली, "उद्या गावाकडं जाऊया का? एसटीनं."

"तू जा."

"आवं, आई वाट बघत असतील."

"एसटीत नुसतं बसायचं असतंय," रविराज म्हणाला. "चालवतंय दुसरंच कुणीतरी."

ती एकटी जाऊन आली.

श्रावणात सूरजनं कॉम्प्युटर नेला आणि गिऱ्हाईक बघून विकला. गिऱ्हाइकांनी त्याच्याकडे ठेवायला दिलेल्या डिस्क त्यानं त्याच सुमारास एकेक उघडून तपासल्या. दोन खराब निघाल्या. हे त्यानं रविराजला सांगितलं तेव्हा तो फक्त "बरं" म्हणाला. आता तो दुपारीही झोपतो. पल्लवी कामावरून येते तेव्हा दाराला आतून कडी असते, आणि दोनदा हाक मारल्याशिवाय कडी निघत नाही.